मागची भिंत

अनसाबाईच्या देवडीतून आत जायचं तर डाव्या पायातली चप्पल तिच्या ताब्यात द्यावी लागे. एकच. "दोनी घेतल्या त मानूस अनवानी बी पळते," ती म्हणे. "एका पायात चप्पल असली का धड पळताबी येत नाई, अन् दुसरी घेतल्याबिगर जाताबी येत नाई." माझी चप्पल तिने उलटीसुलटी करून पाहिली, तळाला काही चिकटवलेलं नाही ना याची खात्री केली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

आदिलाबादहून तामसीच्या बसने निघालं की वाटेत एका जुन्या जहागीरदाराचा बागबंगला लागे. मालक मंडळी कधीच हैदराबादेला जाऊन राहिलेली, बंगल्याला कुलूप. बागेला पुढून दीड पुरुष उंचीची दगडी भिंत आणि रस्त्यालगत देवडी: मोठा कमानदार दरवाजा, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्या, वर एक छोटी माडी. तिथले शेवटचे पहारेकरी अनसाबाईचे सासरे. ते गेले, मग नवरा गेला, मुलगी लग्न होऊन वांकिडीला गेली आणि पहारा हिच्याकडे आला. पगार कोणी देत नव्हतं. राहायला खोली आणि विकायला बागेतली सीताफळं, एवढ्यावर तिचं चाले.

मी तेव्हा रस्त्याच्या कचेरीत नवा लागलो होतो. तिथे हुकूम तेलुगूत येत, जुने कागद उर्दूत असत आणि वैताग आम्ही मराठीत काढत असू. रस्ता रुंद व्हायचा होता. तो एक तर देवडी पाडून पुढून जाणार होता, नाही तर बागेची मागची भिंत पाडून मागून. भिंती मोजून, दोन्ही बाजू पाहून अहवाल लिहायला मला पाठवलं. निघताना हेडक्लार्क म्हणाले, "त्या बाईचं काही खरं मानू नका. दरवाजाची पितळी फुलं तिनंच विकलीत म्हणतात." म्हणजे मी निघालो तोच मनात अढी घेऊन.

"कोनतं गाव, साहेब?" तिने विचारलं. मी आदिलाबाद म्हणालो. तांब्या घासता घासता तिने विचारलं, "कौन गाँव बोले आप?" मी पुन्हा सांगितलं. मी टेप उलगडत असताना मागून तेलुगूत तोच प्रश्न आला, "मीदी ए ऊरू?" तिन्ही उत्तरं जुळली तेव्हा कुठे पाणी मिळालं. "एका भाषेत कोनी बी खोटं बोलते, बापू. तिनीत बोलाले लय अक्कल लागते."

चार दिवस मी तिथे जात होतो. बापू झालो तरी चप्पल काही सुटली नाही. मोजताना टेपचं दुसरं टोक तीच धरायची, कचेरीतून माझ्याबरोबर आलेल्या गड्याला धरू द्यायची नाही. हैदराबादेहून मालकाचं पत्र आलं की ती ते दोन वेगळ्या गावांच्या माणसांकडून वाचून घेई. काऊन, तर "वाचनारा बी मानूसच हाय." दुधाचा थेंब नखावर ठेवून पाहिल्याशिवाय दूधवाल्याला हलू देत नसे.

तिसऱ्या दिवशी तिने मला खोलीत बोलावलं आणि बाजेखालचं ज्वारीचं पोतं ओढून उघडलं. आत दरवाजाची पितळी फुलं, एकेक चिंधीत गुंडाळलेलं. चोरांनी काढू नयेत म्हणून तिनेच काढून ठेवली होती. "लोकं मले चोर म्हनतात त म्हनू द्या. चोराले वाटलं पायजे, माल गेला." मी हसलो. पण खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलं, यातली अर्धी हिने विकली नसतील कशावरून?

शेवटच्या दिवशी बागेची मागची बाजू राहिली होती. जुन्या कागदावर 'मागील भिंत मजबूत' अशी नोंद होती. ती तशी असेल तर पाडायचा खर्च मोठा, म्हणजे रस्ता पुढूनच जाणार आणि देवडी पडणार. अनसाबाई सांगत होती, "मागची भिंत सासऱ्याच्या वेळीच पडली. काईच नाई राह्यलं. रोड तिकडून न्या, कोनाचं काई जात नाई." ती माझ्याबरोबर येणारच होती, पण नेमका गिट्टीचा ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला. चार अनोळखी माणसं दारात असताना देवडी सोडणं तिला शक्य नव्हतं. ती थोडा वेळ घुटमळली. मग आत जाऊन माझी चप्पल घेऊन आली आणि पायाशी ठेवली.

"घाला. तिकडं काटे हायेत. मी नाई येत. तुमीच पाहून या, अन् पाह्यलं ते लिहा. तुमच्यावर भरवसा हाय माहा."

मी निघालो. मोठ्या चिंचेपर्यंत गेलो. पुढे कमरेइतकं गवत आणि बाभळी होत्या, बसची वेळ होत आली होती. ती कारणं झाली. खरी गोष्ट ही की मला वाटलं, घर वाचवायला ही बाई भिंत नाही असंच सांगणार. मी परत फिरलो.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

तिने पुढे एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून मी जुन्या कागदावरची नोंद अहवालात जशीच्या तशी उतरवली.

देवडी पडली तेव्हा माझी बदली झालेली होती. दोनेक वर्षांनी रस्त्याखालच्या एका मोरीच्या कामासाठी त्याच रस्त्यावर गेलो, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी बागेच्या मागे गेलो. भिंत नव्हती. गुरं खुशाल ये-जा करत होती. गवतात पायाचे थोडे दगड दिसत होते आणि त्यांतून वर आलेला कडुलिंब चांगला जुना होता. मी तिथेच खाली बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पुढच्या रविवारी वांकिडीला गेलो. अनसाबाई मुलीच्या ओसरीवर तुरी सोलत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: मागे गेलोच नव्हतो, तिच्याशी खोटं बोललो, कागदावरचं उतरवलं. तिचे हात थांबले नाहीत.

"कुठवर गेलते?"

"चिंचेपर्यंत."

"तिथून वीस पावलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मावशी, मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

तिने मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मग सोललेले दाणे सुपात ओढत म्हणाली, "चूक तुमची नाई, बापू. मी संगं याले पायजे होतं."