नॅचरल फास्ट बोलर

“मॅडम, शुक्रवारपर्यंत ह्येका उभो करा. मॅच आसा.”

इथे आखातात, अदलियातल्या एका क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोलणारे सावंत. मूळचे कुडाळचे, इथे एसी मेन्टेनन्सचे सुपरवायझर आणि कंपनीच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन. टेबलावर पालथा पडला होता तो जोसेफ. युगांडाचा, त्याच कंपनीत सिक्युरिटी गार्ड. हमद टाउनच्या मैदानावर आपल्या लोकांची लीग चालते, त्यातला पहिला आफ्रिकन खेळाडू.

मी फॉर्म भरत होते. ‘खेळ’ या रकान्यात न विचारताच ‘रनिंग’ लिहून मोकळी झाले.

“क्रिकेट, मॅडम,” जोसेफ मान वळवून इंग्रजीत म्हणाला. “धावायचा मला भारी कंटाळा.”

मी गुपचूप खोडलं.

त्यांनी सोबत आणलेल्या एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यात स्ट्रेस रिअॅक्शन निघाली. म्हणजे हाड मोडलेलं नाही, पण मोडायच्या बेतात आहे. चुकीच्या अॅक्शनने जोरात बोलिंग केली की असं होतं. सावंतांना चहाला पिटाळून मी जोसेफला विचारलं, “ही अॅक्शन शिकवली कुणी?”

“कुणीच नाही. मी शाळेपासून लेगस्पिन टाकतो.”

लेगस्पिन म्हणजे मनगटाने चेंडू वळवायचा, हळू. जोराचं कामच नाही.

“मग फास्ट कशाला?”

“तीन टीम्सनी मला घेतलंच नाही. एक जण म्हणाला, पोरांना ऑकवर्ड होईल. सावंतसाहेबांनी घेतलं, पण फास्ट बोलर म्हणून. म्हणे, तुम्ही लोक नॅचरल फास्ट. स्पिनर म्हटलं तर टीम जाईल. कमर गेली तर नोकरी. बारा तास उभं राहायचं असतं.”

हे तो हसत सांगत होता. मला मात्र संताप आला. थोडा स्वतःचाही, कारण ते खोडलेलं ‘रनिंग’ समोरच होतं.

सावंत परतले. मी म्हटलं, “यांची फास्ट बोलिंग खलास.”

“अवो मॅडम, असा काय करतास! नॅचरल पॉवर आसा त्येच्यात!”

“एमआरआयमध्ये पाच मणके दिसले. नॅचरल पॉवर काही दिसली नाही. बरं, तुम्ही कोकणातले ना? मग मासेमारी सोडून एसी कसले दुरुस्त करता?”

“माका बोट लागता!” सावंत उसळून म्हणाले. मग जोसेफकडे बघितलं आणि कान खाजवत बसले.

मी सर्टिफिकेट लिहिलं: सहा आठवडे पूर्ण विश्रांती, व्यायाम, नंतर फक्त स्पिन. खाली क्लिनिकचा शिक्का मारला. शिक्का दिसला की सावंत वाद घालत नाहीत.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी मी मुद्दाम मॅच बघायला गेले. जोसेफच्या पहिल्याच ओव्हरला दोन सिक्सर बसले. सावंतांनी मैदानातून माझ्याकडे असं बघितलं, जणू बोलिंग मीच टाकत होते. पण बोलर काही त्यांनी बदलला नाही. पुढच्या ओव्हरमध्ये दोन विकेट, मग आणखी एक. तो तिसरा म्हणजे ‘ऑकवर्ड’वाल्या टीमचा कॅप्टन. चेंडू कुठून वळला हे शोधत तो बराच वेळ पिचवर उभा होता. मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. या वयात शोभत नाही, पण वाजवल्या.

मॅच संपल्यावर सावंत जोसेफला ओढतच माझ्याकडे घेऊन आले.

“बघलास मां, मॅडम? मनगट बघा त्येचा! ह्या लोकांच्या मनगटातच आसता. नॅचरल!”

‘नॅचरल’ तेवढं जोसेफला कळलं. त्याने मनगट माझ्यापुढे धरलं. “मॅडम, यात नॅचरल काही नाही, याचंही एक सर्टिफिकेट द्या ना.”

कमर सहा-आठ आठवड्यांत सुधारते. डोक्याला जास्त सेशन्स लागतात. आमच्या क्लिनिकमध्ये ‘खेळ’ हा रकाना आता पेशंट स्वतः भरतो.