टाकीशेजारची खोली

ताराबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. थंडी असो, पाऊस असो, खाली वाकळ आणि वर आभाळ. म्हातारपणी मुलानं, सोमेश्वरनं, आमच्या केजच्या गल्लीत तीन मजली घर बांधलं. त्यांना खाली दाराजवळ स्वतःची खोली मिळाली, तेव्हा पहिल्या रात्री बाई झोपल्याच नाहीत. नुसत्या छताकडे बघत बसल्या. मी शेजारीण, मला त्यांनीच सांगितलं.

गेल्या वर्षी त्यांची लेक अंजू नवऱ्याच्या माराला कंटाळून कायमची माहेरी आली. घर भरलेलं. मग जिना गच्चीवर उघडतो तिथं, पाण्याच्या टाकीशेजारी जी खोली होती, तिच्यात तिनं खाट टाकली, शिलाई मशीन मांडलं. पोरगी हळूहळू हसायला लागली होती.

आणि परवा नगरपंचायतीचे मोजणीचे साहेब आले. ताराबाई, अंजू, सोमेश्वर यांच्या मागोमाग मीही गच्चीवर गेले; अशा वेळी मला घरात बसवत नाही.

"घराची उंची हद्दीबाहेर गेलीय," साहेब म्हणाले.

ताराबाई भडकल्या. "अवो, एक वीट वाढवली न्हाई आमी. मंग उंची वाढली कावून?"

साहेबांनी शांतपणे समजावलं. या रस्त्यावरच्या घरांना उंचीची हद्द ठरलेली आहे. पाण्याची टाकी तिच्यात धरत नाहीत, कठडा धरत नाहीत, जिन्यावरची खोलीसुद्धा धरत नाहीत. पण त्या खोलीत माणूस राहायला लागलं की ती मोजायची. रिकामी करा, नाहीतर पाडावी लागेल.

मी तर थक्कच झाले. असला कसला नियम! ताराबाईंनी टाकीकडे बघितलं, मग अंजूकडे.

"म्हंजी टाकी मोजत न्हाईत, आन माझी लेक मोजतेत?"

साहेब टेप गुंडाळायला लागले.

"आन खालून तर ही खोली दिसत बी न्हाई. हितं माणूस ऱ्हातंय, ह्ये तुमाला सांगितलं कुनी?"

साहेबांची नजर नकळत सोमेश्वरकडे गेली. तो चपलेकडे बघत पुटपुटला, "माय, उद्या ती घरात हिस्सा मागंल..."

सख्खा भाऊ! अंजू कठड्याला धरून उभी राहिली. आणि ताराबाई, ज्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, त्या न भांडता जिना उतरून खाली गेल्या. वाईट वाटलं मला, आणि सोमेश्वरचा इतका राग आला की काय सांगू.

त्या परत आल्या तेव्हा काखेत जुनी वाकळ होती.

"अंजे, तुजी मशीन खाली माझ्या खोलीत ने. ती आता तुजी." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हितं उघड्या गच्चीवर झोपलं तर उंची वाढती का?"

"नाही, बाई," साहेब कसेबसे म्हणाले.

"मंग झालं."

त्यांनी वाकळ सोमेश्वरच्या हातात दिली. "आंथर तूच. छप्पर बी तूच दिलं व्हतंस."