जिन्याखालची खोली आणि पत्रिकांवरचे गणपती

ज्या बातमीला संपादक जागा देत नाही, तिचा किस्सा होतो. गटारांच्या टेंडरवर मी पानंच्या पानं लिहिली. पण अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली पाच-सहा बायका टाकाऊ वस्तूंची तोरणं, पडदे, मखरं करतात, त्यावर दोन ओळी मागितल्या तर उत्तर ठरलेलं, "सॉफ्ट आहे, साहेब." माझी बायको त्या बायकांतलीच, त्यामुळे किस्स्यांचा माल घरपोच येतो. साठला बराच.

* * *

या मंडळाच्या म्होरक्या निमकरकाकू. जीन्सच्या चिंध्या मागायला त्या थेट उल्हासनगरच्या एका कारखान्यात गेल्या. सिंधी शेठने विचारलं, काय करणार? काकू म्हणाल्या, तोरण. शेठ विचारात पडला. "जीन्स का तोरण? भगवान को चलेगा, अम्मा?"

"आपके बच्चे मंदिर में जीन्स पहनके जाते हैं ना? उनको भगवान निकालता है क्या?"

शेठने पोतं भरून दिलं, वर रिक्षात नेऊन ठेवलं.

* * *

एका माजी नगरसेवकाने 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा भरवली. पहिलं बक्षीस कुणाला, तर दुकानातून आणलेल्या कारंज्याला. लेबलसुद्धा काढलं नव्हतं! मी तिथेच परीक्षकांना धरलं. ते म्हणाले, फिनिशिंग बघा ना.

काकूंना उत्तेजनार्थ काचेचा वाडगा मिळाला, थर्मोकोलमध्ये बसवलेला. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच थर्मोकोलचा बंगला करून नेला. दुसरा नंबर आला.

* * *

मग सोसायटीचे सेक्रेटरी प्रधान यांची नोटीस लागली. जिन्याखालची खोली दिवाळीपर्यंत रिकामी करा. प्रधान केमिकल कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. कागद, पुठ्ठा, चिंध्या, शिवाय दार एकच, असं त्यांचं म्हणणं. बायकांना दुसरी जागा नव्हती. कुणाच्याच घरात पसारा चालत नव्हता, माझ्याही नाही.

मी भांडायला गेलो. कुठल्या नियमाखाली, ते विचारलं.

"नियम नंतर दाखवतो. आग लागली तर बातमी तुम्हीच लिहाल ना, माझ्या नावानिशी?"

 त्या प्रश्नाचा मला अजून राग येतो.

* * *

प्रधानांनी दिवाळीची वाटही पाहिली नाही. बायका जेवायला घरी गेलेल्या असताना भंगारवाला बोलावला. त्याने पहिलीच गोणी उघडली, तर आत नुसते गणपती. लग्नपत्रिकांवरचे. गणपती असतो म्हणून पत्रिका कुणाला फेकवत नाही, सगळी बिल्डिंग काकूंकडे आणून टाकते.

भंगारवाल्याने गोणीचं तोंड परत बांधलं. "ये नहीं लूँगा, साब. आपसे फेंका नहीं जाता, तो मैं किसको बेचूँ?"

गोण्या होत्या तिथेच राहिल्या.

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि प्रधानांच्या मुलीचं, ऋचाचं लग्न मोडलं. पत्रिका छापून आल्या होत्या, वाटायच्या राहिल्या होत्या. बिल्डिंगला कळलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं.

त्या दुपारी मी बायकोला फेव्हिकॉलचा डबा द्यायला खाली गेलो होतो. ऋचा त्या पत्रिकांचा जड खोका घेऊन आत आली. मागोमाग प्रधान, दारापर्यंत. रद्दीत घातल्या तर उद्या कुणाच्या तरी भेळेखाली माझं नाव निघेल, असं ती म्हणाली. अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

काकूंनी सतरंजीवर सरकून जागा केली आणि कात्री पुढे केली. "गणपती वेगळे काप. बाकीच्या पट्ट्या. त्यांचे मणी होतात, पडद्याला."

"आणि नावं?"

"छापील बाजू आत ठेवून गुंडाळायचं."

ऋचाने एक पट्टी काडीवर घट्ट गुंडाळली, टोकाला फेव्हिकॉल लावला, काडी ओढून काढली. मणी तळहातावर फिरवून पाहिला. मग दुसरी पट्टी घेतली.

प्रधान दारातच होते. जाताना म्हणाले, "रोज निघताना तेवढा दिवा बंद करत जा."