आडनावाचा रकाना

वाईच्या एसटी स्टँडमागं आम्ही पाच दोस्तांनी मिळून भाड्याच्या सायकलींचं दुकान काढलं होतं. मी बौद्ध वस्तीतला, बाकीचे चौघे ऊसवाल्या घरातले. त्यातला एक मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेला, माझा जिवलग. पहिल्याच दिवशी त्यानं आणि मी नियम घातला: पाटीवर खडूनं फक्त सायकलचा नंबर आणि वेळ लिहायची. गिऱ्हाइकाला आडनाव विचारायचं नाही. आडनाव कळलं की जात कळते, मग नवी सायकल कुणाला आणि खटारा कुणाला, हे न बोलता ठरतं. दुकानापेक्षा माझा जीव त्या नियमावर जास्त होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी धंदा वाढला. बिलाचं मशीन घ्यायचं ठरलं. सांगलीचा विक्रेता दोन प्रकार घेऊन आला. एक साधं, नंबर दाबला की पावती बाहेर. दुसरा कॉम्प्युटर, त्यात आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पावतीच निघेना.

"साधं घ्या," मी म्हणालो.

ऊसवाल्यांतला थोरला हसला. "कॉम्प्युटरच घ्यायचा. कोण कुठला ते कळाय नगं व्हय? तुमची लोकं लय माजल्यात. नव्याच सायकली मागत्यात."

माझं डोकं फिरलं. हातातला पान्हा त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला, रक्त विक्रेत्याच्या शर्टावर उडालं. मग तो आणि बाकीचे दोघं असे तिघं तुटून पडले. पाठीवर चेन, कानशिलावर पंप. आईशप्पथ सांगतो, मी तिघांना भारी पडत होतो! तेवढ्यात फौजी मित्रानं मला मागून घट्ट कवटाळलं. "सोड रं गड्या, सोड!" भांडण सोडवणारे एकालाच धरतात. धरलेल्या मला त्यांनी हौस फिटेपर्यंत तुडवलं.

भुवई शिवून घरी पडलो. टाके काढायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून सायकल आणायला दुकानात गेलो. का जाऊ नये? दुकान माझंही होतं. काउंटरवर कॉम्प्युटर आणि त्याच्यामागं फौजी.

"नवी, नऊ नंबरची दे."

त्यानं मान वर केली नाही. "आडनाव?"

लहानपणापासून एका ताटात जेवलेला माणूस! त्यानं बरगडीत लाथ घातली असती तर परवडलं असतं. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून मी आडनाव सांगितलं.

त्याची बोटं हलेनात. "त्याबिगर मशीन फुडं जात न्हाई रं," तो पुटपुटला.

"मग टाक की!"

एकेक अक्षर शोधून त्यानं ते टाकलं. पावती निघाली. नऊ नंबर समोर भिंतीला टेकून उभी होती. त्यानं माझ्या हातावर किल्ली ठेवली ती कोपऱ्यातल्या खटाऱ्याची.