मटणाचा दंड, वरणाचा दंड

माणसाचा नुसता दंड दाबून त्यानं आजवर काय खाल्लं हे सांगणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो औरंगाबादेत माझा घरमालक होता, याचा मला अजूनही थोडा अभिमान वाटतो. मी पिशोरहून बी.एस्सी.साठी आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; खोलीचं भाडं विचारतानाही आवाज चाचरत होता. काकांनी भाडं सांगितलंच नाही. त्यांनी माझा दंड दाबला, डोळे मिटले आणि स्वयंपाकघराकडे ओरडून निकाल दिला, "वरण! निस्तं वरण!" आतून काकू म्हणाल्या, "मग काय झालं? भाडेकरू पायजे का बोकड?"

काकांचा जन्म पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी झालेला. तरुणपणी त्यांनी खुलताबादपर्यंतचे आखाडे गाजवले, पुढं वाळूजच्या कंपनीत नोकरी केली. कुस्ती सुटली, नोकरी संपली, खुराक मात्र निवृत्त झाला नाही. रविवारी खाटकाच्या दुकानापुढं पहिला नंबर त्यांचा. पाय्याचा रस्सा ते औषधासारखा गंभीर चेहऱ्यानं पीत. "मटण अंगाला लागतं. वरण निस्तं भेटायला येतं आन् जातं," हे त्यांचं शास्त्र. मीटर वाचायला आलेला माणूस त्यांच्या लेखी 'अंडी, तीबी कधीमधी' होता. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचा दंड दाबून त्यांनी बैठकीत 'साबुदाणा!' असं जाहीर केलं, तेव्हा ते लग्न मोडता मोडता राहिलं.

आणि मग एका हिवाळ्यात त्यांच्या पायांना सूज आली. काकूंनी मला दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. मूत्रपिंडं थकली होती. "मटण बंद. प्रथिनं एकूणच कमी करा, त्यातही डाळी-कडधान्यांची बरी. महिन्यानं पुन्हा रक्त तपासू. रिपोर्टातला हा आकडा आणखी चढत गेला, तर डायलिसिसचा विचार करावा लागेल." परत येताना रिक्षात काका आपलाच दंड चाचपत बसले. काकूंनी हळूच विचारलं, "तू हेच शिकतूस ना रं? टिकंल ना किडनी?" मी रिपोर्टची घडी उलगडून तो पुन्हा वाचू लागलो.

मटण त्यांनी खरंच सोडलं. रविवारी शेजारून फोडणीचा वास आला की ते उठून गच्चीवर जात. पण काही दिवसांनी त्यांचा चेहरा एकदम उजळला. घरात जिकडंतिकडं मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, दुपारी शेंगदाणे, संध्याकाळी वाडगाभर घट्ट वरण. काकूही कौतुकानं वाढत. डाळ कुणाला बाधली असं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी विचारलं, तर काका म्हणाले, "हिशेब सोप्पा हाय लेका. वरणात ताकद निम्मी. मग वरण दुप्पट!"

तपासणी आठ दिवसांवर होती. आमच्या बाईंना वर्गाबाहेर गाठून मी खात्री करून घेतली आणि घरी येऊन जिन्यातच तीनदा घसा खाकरला.

"काका, मांसातली प्रथिनं शरीराला हवी तशी पुरी असतात, लवकर पचतात. डाळीतल्यात एखादा घटक कमी पडतो. पण डाळीचा मूत्रपिंडावर ताण कमी येतो."

"मंग? मी काय येगळं करतोय?"

"ताण कमी म्हणजे ताण नाहीच, असं नाही काका. दुप्पट खाल्लं की रक्तात कचरा पुन्हा तेवढाच. तो गाळायचा त्या थकलेल्या मूत्रपिंडांनीच."

वाडगा त्यांच्या हातात तसाच राहिला. "म्हंजे मटण नाय, वरण बी नाय. मंग हवा खाऊ का? तुज्यावानी हडकुळा हून मरू?" काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला पळून जावंसं वाटलं. तरी म्हणालो, "वाटीभर वरण खा. सोबत ज्वारीची भाकरी. ज्वारीत जे कमी ते तुरीत आहे, तुरीत जे कमी ते ज्वारीत."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघितली. "म्हंजे जोडीनं लढत्यात व्हय?" एवढंच म्हणाले आणि वाडगा काकूंकडं सरकवला.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्यांनी शेजारच्या कुणाचाही दंड दाबला नाही. हात मांडीखाली घालून बसले होते. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला. आकडा उतरला नव्हता, पण चढलाही नव्हता. "हे असंच चालू ठेवा," ते म्हणाले. काकू बाहेर येऊन भिंतीला टेकून रडल्या.

शिक्षण संपवून मी खोली सोडली, तोवर आकडा तिथंच होता. काका मात्र पुष्कळ उतरले होते. सदऱ्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या. पाया पडून उठलो, तर त्यांनी आपला दंड माझ्यापुढं केला. "दाब. सांग काय निघतंय."

मी दाबला. बोटं सहज एकमेकांच्या जवळ आली. "मटण," मी म्हणालो.

"लेका, एवढं शिकून खोटं बोलायला नाय जमत तुला," ते हसले. मग दुसऱ्या हातानं त्यांनी माझाच दंड धरला, नेहमीसारखे डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. आतून काकूंनी विचारलं, "काय निघालं?"

"वरण," काका हळू आवाजात म्हणाले. "चांगलं हाय."