दोन बोटं ढिला सूट

माझ्या अंगावर कापड कधी नीट बसलं नाही, आणि त्यात माझ्यापेक्षा आईचा हात जास्त. शिंप्याकडे माप माझं घेतलं जायचं, पण शेवटचा शब्द तिचा असायचा, "दोन बोटं ढिलंच शिवा. लेकरू भरंल आता." हे ती मी चौथीत असताना म्हणायची, डी.एड. झाल्यावर म्हणायची, आणि मला शाळेत शिकवायला लागून दहा वर्षं झाली तरी म्हणते. मी काही भरले नाही. माझे ड्रेस मात्र वाऱ्यावर छान भरतात.

या काटकुळेपणाचा एकच फायदा मला ठाऊक होता. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमच्या शेतातल्या विहिरीत वडिलांनी पोहायला शिकवलं, तेव्हाच कळलं की मला तरंगायला कष्ट पडतात, बुडी मात्र झटक्यात बसते. आसपासच्या मळ्यात कुणाची बादली पडली, कळशी पडली, एकदा तर मोटारीचा पाना पडला, की मला बोलावणं यायचं. विहिरीच्या तळाशी कुणी काही बोलत नाही. त्या शांततेचं मला वेडच लागलं आणि त्याच वेडापायी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला जाऊन स्कूबाचा कोर्स लावला.

तिथं माझी फजिती झाली. वेटसूट म्हणजे जाड, फुगीर रबराचा, अंगाला चिकटून बसणारा पोशाख. तो थोडं पाणी आत घेतो, ते अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि तिथंच थांबलं की थंडी वाजत नाही. माझ्या उंचीला पुरणारा त्यांचा सगळ्यात लहान सूटसुद्धा कंबरेत आणि पाठीत पोकळ राहिला. हात हलवला की मानेतून गार पाणी शिरायचं आणि पायातून निघून जायचं. तिसऱ्या बुडीला दात इतके वाजायला लागले की तोंडातली हवेची नळी धरवेना. शिकवणाऱ्या बाईंनी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ शाब्बास असा नसतो, मुकाट्यानं वर चला असा असतो. मी बोटीवर बसून रडले, थोडी थंडीनं आणि बरीच रागानं.

"दोन बुड्या राहिल्या आहेत," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या सुट्टीत या, पूर्ण करू. पण अंगाला बसणारा सूट घेऊन या. असं कुडकुडताना मी तुम्हाला खाली नेणार नाही."

घरी येऊन मी मोबाइलवर सूट शोधायला लागले. मापांचे तक्ते बघून वाटलं, जगातल्या सगळ्या उंच बायका रुंदही असतात. पहिला सूट उंचीला बरोबर, पण आत आणखी एक मी मावले असते. दुसरा मुलांच्या मापाचा मागवला, तो छातीला बसला आणि पोटऱ्यांवरच संपला. दोन्ही परत पाठवले. तिसरा लांबीला नीट होता, रुंदीला नेहमीसारखा. आईनं तो झटकून रबराचा वास जायला दोरीवर टांगला, तर शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "अगं बाई, कोण लटकून राहिलं तिथं?"

शेवटी मी तो सूट आणि आई दोघांना घेऊन हिंगोलीला गेले. तिथं एक चाचा मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांनी रबर चिमटीत धरून बराच वेळ दाबलं. "सुई आरपार गेली तं पाणी शिरंल," ते म्हणाले. "आधी पंक्चरच्या सोल्यूशननं चिटकवतो, मंग वरवर टाके घालतो." इतकं शहाणं उत्तर मला कुठल्याच दुकानातून मिळालं नव्हतं. त्यांनी मला सूट घालायला लावला आणि आईच्या हातात खडू दिला. आईनं जागोजाग चिमटे काढून खुणा केल्या. मग मी आत कपडे बदलायला गेले.

आठ दिवसांनी सूट आला. माघाची थंडी होती, विहिरीचं पाणी चांगलं गार होतं. वडील काठावर दोर धरून बसले, आई पायऱ्यांवर. सूटच्या रबरात हवा, आणि मालवणला कंबरेला बांधायचे ती शिशाची वजनं इथं नव्हती, त्यामुळे मला बुडताच येईना. जन्मात पहिल्यांदा मी बुचासारखी तरंगले आणि वडील हसून हसून खोकायला लागले. पण पाव तासात पाठीवर तेच गार पाणी फिरायला लागलं. अर्ध्या तासानं मी कशीबशी पायऱ्या चढून आले.

"चाचांनी बरोबर केलंच नाही," मी चिडून म्हणाले.

"त्यानं बराबर केलं," आई खाली बघत म्हणाली. "तू आत गेलती तवा मीच सांगितलं, दोन बोटं ढिला ठेव म्हणून."

"काहून?"

"तुझं अंग भरलं तं? इतकी महागाची वस्तू."

मला असा संताप आला! "मी चौतीस वर्षांची आहे, आई! आता कधी भरणार मी?"

माझ्या पायाजवळ बसून तिनं सूटची कड ओढली, तसं आतलं पाणी भसाभस तिच्या पातळावर सांडलं. मग तिनं माझी बोटं हातात घेतली. ती निळी पडली होती. बराच वेळ ती चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मला न विचारता सूट घेऊन जीपमध्ये बसली. तिनं दुकानात काय सांगितलं ते चाचांनीच मला नंतर ऐकवलं, "अंगाबराबर बसवा. हाय तेवढीच हाय ती."

उन्हाळ्यात मालवणला दोन्ही बुड्या झाल्या. सूट चढवताना घाम निघाला, पण पाण्याखाली पाऊण तास माझे दात गप्प होते. एक चपटा पिवळा मासा काचेसमोर येऊन माझ्याकडे बघत राहिला आणि मला त्याच्याकडे बघायला वेळ होता. वर आल्यावर बाईंनी हात मिळवला. मी किनाऱ्यावरून आईला फोन लावला.

मासे कसे होते, हे तिनं विचारलंच नाही. "पाणी शिरलं का आत?"

"थोडं शिरलं. पण तिथंच थांबलं, गरम झालं."

"मंग झालं तं." ती जरा थांबली. "ऐक, शेजारच्या काकूच्या पोरीच्या लग्नासाठी तुझा ड्रेस टाकायला आलेय शिंप्याकडं. माप कोणतं सांगू?"

उभ्या जन्मात तिनं मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"अंगाचंच सांग," मी म्हणाले.

फोन कानाला तसाच ठेवून ती शिंप्याला म्हणाली, "अंगाबराबरच शिवा."