ओताकार खाटकाची पहिली फेरी

ब्लाजेनाबाईंना साऱ्या क्लबचा वीट आला होता. क्लबचं विमान एकच. दोघं शेजारी-शेजारी बसतील एवढं, लाकडी पंखांवर कापड ताणलेलं, क्लबात शिकवायला म्हणूनच १९५० सालच्या सुमारास बांधलेलं. उडवायला सगळे मालक, पुसायला कोणी नाही. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात. हे घोडं मेलं नाही, कारण बाईंनी आयुष्यभर त्याची सेवा केली. मोराव्हियातल्या त्या टेकडीवरचं निम्मं गाव त्यांच्याच शेजारी बसून उडायला शिकलं होतं.

आता डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढे हात टेकले होते. आज रविवार, परवान्याचा शेवटचा दिवस; सूर्य मावळला की बाईंचं उडणं आणि शिकवणं, दोन्ही संपणार होतं. आणि त्यांचा शेवटचा शिष्य, ओताकार खाटीक, अजून एकदाही एकटा उडाला नव्हता. त्याला असं अर्धवट सोडायचं या विचारानं बाईंचा जीव तीळ तीळ तुटत होता.

तसा ओताकार उडवायचा छान. पण पहिल्यांदा एकटा उडून आला की क्लबातले सगळे त्याला ओणवं करून ढुंगणावर एकेक फटका देणार, म्हणजे बुडाला हवेची जाण येते, असा रिवाज. मग त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. आता हे एकटं उडणं अचानक व्हायला हवं की नाही? पण आमचे शहाणे आधीच हँगरपुढे रांग लावून, तळवे चोळत उभे! त्यांना पाहिलं की ओताकारचं विमान बेडकासारखं उड्या मारत उतरे. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा त्याला एकटं सोडणं राहून गेलं.

आजही रांग होतीच. बाई सरळ क्लबच्या अध्यक्षांच्या अंगावर धावून गेल्या. "झ्बिन्येक, ही काय जत्रा भरवलीस?"

"अहो बाई, आम्ही फक्त सूर्यास्त बघतोय."

"हात चोळत? मेल्यांनो, आज तो एकटा उडणार नाही. जा, पिंप उघडा नि प्या!"

पिंप म्हटल्यावर रांग क्षणात मोडली.

बाई ओताकारला घेऊन उडाल्या. पहिली फेरी सुरेख झाली. गवतावर उतरताच बाई म्हणाल्या, "थांब जरा. चाकात काहीतरी वाजतंय." त्या घाईघाईनं खाली उतरल्या, चार पावलं मागे सरल्या आणि ओरडल्या, "आता जा!"

"बाई, एकटा? माझं कसं व्हायचं?"

"डुकरं कापताना विचारतोस का मला? नीघ, सूर्य थांबणार नाही!"

गेला. बाई खाली उभ्या राहून उगाचच "नाक वर धर, गाढवा!" म्हणून ओरडत राहिल्या. ओताकारनं फेरी पुरी केली आणि विमान गवतावर अलगद टेकवलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला आणखी चार शिव्या हासडल्या.

ओताकारनं विमानाचं काचेचं झाकण सरकवलं. लाल झालेल्या तोंडानं तो ओरडला, "बाई, या ना! आता दोघं मिळून एक फेरी!"

बाईंनी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य टेकडीमागे गेला होता.

त्या विमानापाशी आल्या. आत त्यांची खुर्ची रिकामी होती. उतरताना पट्टा लोंबून कुठे अडकू नये म्हणून त्यांनीच तो खुर्चीवर घट्ट आवळला होता. आपण शेवटचं उतरतोय, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.